बागेला भिंत समजू नका

गेल्या आठवड्यात आमच्या सामुदायिक बागेच्या बैठकीत पुन्हा तोच विषय निघाला. यंदा बागेत कला-प्रदर्शन भरवायचं का? लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, "भरवा, लोक येतात, बाग गजबजते." दुसरा म्हणतो, "नको, लोक येतात, वाफे तुडवतात." मी दोन्हीकडे मान डोलावत बसले आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते इथे लिहिते आहे. पोस्ट लांबणार, आधीच सांगून ठेवते.

मी प्रदर्शनाच्या बाजूची आहे. पण आपण ज्या पद्धतीनं ते भरवतो ती पद्धत मला अजिबात मान्य नाही. कलादालनात लावायच्या वस्तू उचलून बागेत आणायच्या आणि मग बागेनंही दालनासारखं मुकाट उभं राहावं अशी अपेक्षा धरायची, हे चालणार कसं? तिथे वारा आहे, दव आहे, मुंग्या आहेत, पाखरांची शिट आहे, आणि सकाळी सहाला हातात पाइप घेऊन येणारी माणसं आहेत.

आत्तापर्यंत तीन प्रदर्शनांत मी राबले. पहिल्याच्या वेळी आम्ही दोन झाडांच्या मध्ये दोरी बांधून जलरंगातली चित्रं चिमट्यांनी टांगली होती. सकाळी काय देखणी दिसत होती! दुपारी वारा सुटला आणि अर्ध्या तासात चित्रांच्या मागे धावणारी पाच-सहा मोठी माणसं हेच प्रदर्शन झालं. एक चित्र थेट कंपोस्टच्या खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी आमच्या एका काकांनी नेहमीसारखं पाणी घालता घालता कोळशाची दोन रेखाटनं भिजवली. सगळे काकांवर ओरडले, मीही ओरडले. आता वाटतं, त्यांचं काय चुकलं होतं? ते गेली कित्येक वर्षं त्याच वेळी त्याच वाफ्याला पाणी घालत होते. रेखाटनंच त्यांच्या पाण्याच्या वाटेत येऊन बसली होती.

त्यानंतर मी जरा वाचायला लागले. कागदावरचं जलरंगाचं चित्र संग्रहालयात साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेडात ठेवतात. भर उन्हात हाच आकडा एक लाख लक्सच्या घरात जातो, म्हणजे दोन हजार पट. दालनात दिवसाला आठ तास दिवे लागतात असं धरलं, तर बागेतल्या एका तासाच्या उन्हात चित्रावर जेवढा उजेड पडतो तेवढा तिथे पडायला अडीचशे दिवस लागतील. शिवाय संग्रहालयात अतिनील किरण गाळून घेतात. बागेत ते गाळायला कोण बसलंय! तेव्हा मूळ चित्र बागेत आणू नये असं माझं ठाम मत झालं. मग फलकावर छापलेल्या प्रती लावू, असं कुणीतरी सुचवतंच. लावता येतील, टिकतीलही. पण फोनच्या पडद्यावर दिसतं तेच छापून झाडाखाली उभं करायचं, तर त्यासाठी बाग कशाला हवी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

वाऱ्याचं गणित तर आम्ही कधी केलंच नव्हतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की फलकावरचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात एक चौरस मीटरच्या सपाट फलकाला साधारण आठ-दहा किलोचा रेटा बसतो. ८० च्या वादळात तोच तीस-चाळीस किलोवर जातो. आम्ही मात्र असा फलक दोन बांबूंना नुसत्या सुतळीनं बांधला होता. जाळीचं, काड्यांचं, विणलेलं, आरपार हवा जाऊ देणारं काम बागेत टिकतं. सपाट आणि मोठं काम म्हणजे शीड. ते कधीतरी सुटणारच.

आता झाडांविषयी, कारण इथे मी खरोखर रागावते. झाडाला खिळा ठोकू नये, हे आता बहुतेकांना कळलंय. तारेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. खिळ्याची जखम लहान असते, झाड सहसा ती बुजवून टाकतं. तारेचा फास खोड जाडावत जाईल तसा सालीत रुततो आणि पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडे न्यायची वाटच आवळतो. प्रदर्शन संपलं की चित्रकार चित्र नेतात, तार तिथेच राहते. अशी एक तार मी दोन वर्षांनी कापून काढली, तेव्हा ती अर्धी सालीच्या आत गेली होती. टांगायचंच असेल तर रुंद कापडी पट्टा वापरा, आणि तो काढायची जबाबदारी कुणाची, हे लावण्याआधी वहीत लिहा. जड शिल्पाचंही तसंच. सावली बघून लोक ते झाडाच्या बुंध्याशी ठेवतात. अन्नपाणी शोषणारी बरीचशी मुळं मातीच्या वरच्या हात-दीड हातात पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. वर वजन आलं, त्याभोवती बघ्यांचे पाय पडले, की माती दगडासारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. झाड त्या महिन्यात काही बोलत नाही. पुढच्या वर्षी शेंड्याकडून वाळायला लागतं आणि तोवर शिल्प कुणाला आठवतही नाही.

उघड्यावर शिल्पं मांडायची कल्पना काही आपण शोधलेली नाही. १९४८ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये तिथल्या काउंटी कौन्सिलनं समकालीन शिल्पांचं मोठं खुलं प्रदर्शन भरवलं होतं. युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली. तरी दीड लाखाच्या आसपास लोक ते बघून गेले. इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरच्या दगडातल्या तीन उभ्या आकृती त्या वेळी तिथे मांडल्या होत्या, त्या त्याच बागेत राहिल्या. हे उदाहरण आमच्या बैठकीत दर वर्षी कुणीतरी देतं आणि दर वर्षी मला सांगावंसं वाटतं, की अहो, ते पार्क आहे. पार्कमधली हिरवळ सगळ्यांची, म्हणजे खास अशी कुणाचीच नाही. सामुदायिक बागेचं तसं नसतं. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्ती आणि तिच्या 'ग्रीन गुरिला' साथीदारांनी कचऱ्यानं भरलेला एक पडीक कोपरा उपसून बाग केली. जगभरच्या अशा कितीतरी बागा साधारण याच वाटेनं आल्यात. तिथली वीत-वीत जमीन कुणीतरी खुरप्यानं, पाठ मोडून कमावलेली असते. या वाफ्यात कुणाची मिरची आहे आणि त्या कोपऱ्यात कुणी तीन वर्षं पालापाचोळा कुजवला आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. अशा जागी "हा कोपरा रिकामा दिसतोय, इथे ठेवू" असं बाहेरून आलेल्या माणसानं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून फळी मोकळी करण्यासारखं आहे. दुसऱ्या प्रदर्शनात अगदी हेच झालं. रिकामा दिसणारा तो कोपरा म्हणजे नुकताच पेरलेला वाफा होता. त्यावर लोखंडी चौथरा आला. ज्या ताईंचा वाफा, त्या काही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या हंगामात त्यांनी वाफा सोडला.

निर्णय कुणी घ्यायचा, हा खरा तंटा आहे. अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेराच्या 'टिल्टेड आर्क' या शिल्पाची गोष्ट अनेकांना माहीत असेल. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी इमारतीसमोरच्या चौकात त्यानं १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी पोलादी वक्र भिंत उभी केली. चौक दुभंगला. तिथे रोज येणाऱ्या कर्मचाऱ्यांना वळसा घालून जावं लागायचं. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १८० जण बोलले, १२२ म्हणाले ठेवा, ५८ म्हणाले हटवा. शेवटी १९८९ मध्ये भिंत कापून नेली. सेराचं म्हणणं होतं की हे काम त्याच जागेसाठी घडवलंय, हलवलं तर ते संपलं. मला त्याचं म्हणणं कळतं, त्याची कामं मला आवडतातही. पण मी त्या चौकात रोज डबा खाणारी असते, तर त्या ५८ मध्ये असते. आणि बहुमत असूनही काम हटलं, याचं वाईटही वाटलं असतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

म्हणून माझा आग्रह असा, की ज्याच्या वाफ्याशेजारी काम येणार, त्याला 'नाही' म्हणायचा पूर्ण अधिकार हवा, तोही कारण न देता. त्यामुळे निवड समितीचं काम अवघड होईल. होऊ दे. आणि निवड झाल्यावर कलाकारानं आधी दोन-तीन दिवस बागेत काम करायला यावं. खड्डे खणावेत, पाणी घालावं. न्यूयॉर्कमध्येच 'सॉक्रेटिस स्कल्प्चर पार्क' आहे. नदीकाठची ती जागा आधी बेकायदा कचरा टाकायची होती. १९८६ मध्ये शिल्पकार मार्क डी सुव्हेरो यांनी इतर कलाकार आणि आसपासच्या लोकांसोबत ती साफ करून सुरू केली. तिथे कलाकार तिथल्याच मोकळ्या आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत कामं घडवतात. ट्रकमधून उतरवलेल्या तयार वस्तूपेक्षा हे मला दसपट आवडतं. काम घडताना बघितलं की लोक त्याची राखण आपणहून करतात.

राखणीवरून आठवलं. "तोडफोड झाली तर?" हा प्रश्न हमखास येतो. चोऱ्या होतात, नाही कसं. लंडनच्या डलिच पार्कमधून २०११ साली बार्बरा हेपवर्थचं ब्राँझचं शिल्प रातोरात उखडून नेलं होतं. पण ब्राँझ आपल्या बागेत येणार कशाला? तिन्ही प्रदर्शनांत मिळून मुद्दाम केलेली नासधूस मला एकच आठवते, तीही मातीच्या पुतळ्याला कुणीतरी मिशा काढल्या होत्या. बाकी सगळं नुकसान वारा, पाणी, चेंडू आणि हात यांनी केलं. हातांवर बंदी घालून उपयोग नाही. बागेत माणूस येतो तोच पान चुरगळून वास घ्यायला, माती चाचपायला. तिथे "हात लावू नका"च्या पाट्या लावणं मला विनोदी वाटतं. ज्याला हात लागलेला चालत नाही, ते काम घरात ठेवावं. आणि आरसे नकोत, कृपा करून. फोटो छान येतात, पण पाखरं त्यात आकाश समजून धडकतात. रात्रीची रोषणाईही नको, पतंगांना बिचाऱ्यांना तेवढाच अंधार उरलाय.

उद्घाटन हा प्रकार तर बंदच करा. महिनाभरात जेवढी रोपं तुडवली गेली नाहीत, तेवढी त्या एका संध्याकाळी गेली. भाषण करणाऱ्याला उभं राहायला जागा लागते आणि ऐकणाऱ्यांना त्याच्या दुप्पट. कलाकारांना मानधन द्यायला हवं, "प्रसिद्धी मिळेल" यावर भागवू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण आम्हीही ते केलेलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम जायला हवं. बागेत कायमचं शिल्प नको. दोन महिने, फार तर एक हंगाम. अ‍ॅग्नेस डेनेस या कलावतीनं १९८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या टोकाला, भराव टाकलेल्या दोन एकरांत गहू पेरला. सरी हातांनी काढल्या, मे मध्ये पेरणी झाली, ऑगस्टमध्ये कापणी. कापणी झाली, काम संपलं. अजून लोक त्याबद्दल बोलतात. त्याच वर्षी जर्मनीतल्या कासेलमध्ये जोसेफ बॉइस या कलाकारानं सात हजार झाडं लावायला घेतली, प्रत्येकाशेजारी बेसाल्टचा एक उभा दगड. आधी सगळ्या दगडांचा ढीग चौकात रचला होता. एक झाड लागलं की एक दगड ढिगातून कमी. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं, तेव्हा बॉइस जिवंत नव्हता. तुम्ही म्हणाल, हे तर कायमचंच झालं की. झालं, पण त्यातला वाढणारा भाग झाड आहे. सुरुवातीला रोपट्यापेक्षा दगड ठळक होता. आता झाडापुढे दगडच छोटा दिसतो. बागेत राहायचंच असेल तर कलेनं या बेतानं राहावं.

आमच्या तिसऱ्या प्रदर्शनात एका तरुण शिल्पकारानं कच्च्या, न भाजलेल्या मातीचा माणसाएवढा चेहरा घडवला होता. मिशा काढल्या त्या यालाच. माती त्यानं बागेतल्याच खड्ड्यातून घेतली, वाफा न मोडता, काकांना विचारून. पहिल्या पावसात नाक गेलं. मग गालावरून ओघळ आले. तिसऱ्या आठवड्यात एका डोळ्याच्या खोबणीत कसलंसं रोप उगवलं, बहुधा पाखरानं टाकलेलं बी. लोक रोज बघायला यायचे, आज काय उरलंय ते. काका सकाळी पाणी घालताना पाइप त्याच्या बाजूनं वळवून न्यायचे, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. महिनाअखेर नुसता ढिगारा उरला. उतरवायचं काही शिल्लकच नव्हतं, म्हणून शिल्पकार आला तो रिकाम्या हातानं. काकांनी त्याच्या हातात फावडं दिलं. दोघांनी मिळून ढिगारा वाफ्यात पसरला, आणि ते डोळ्यातलं रोप काकांनी मुळांसकट उचलून कडेला लावलं. टोमॅटो निघाला.