घडी काही बसेना

काल दुपारी साडेतीनला मी, वय वर्षे 51, केसात दोरे, गुडघ्यात टाचणी, स्वतःच्याच घरात टेबलाखालून रांगत बाहेर आले तर समोर खालच्या मजल्यावरचे काका उभे.

"काय वहिनी, काही हरवलंय का?"

(मी त्यांना काका म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, नात्याचा हिशोब कोणी लावू नये.)

तर थोडक्यात सांगते. मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. इतकी वर्षं डायनिंग टेबलवर कापाकापी चालायची आणि रोज आठ वाजले की "उचल गं तुझा पसारा, जेवायचंय". शेवटी बंद केलेल्या बाल्कनीत, रुंदी साडेचार फूट, भिंतीला घडीचं टेबल करून घेतलं. 4 बाय 3 चा प्लाय, वर पांढरं सनमायका, कडेला पियानो बिजागरी, म्हणजे कडेभर लांब एकच बिजागरी. उंची 36 इंच, कारण डायनिंगचं 30 असतं आणि तिथे वाकून कापड कापलं की काय होतं ते माझ्या कंबरेला विचारा. मिस्त्री म्हणाला "हो जाएगा मॅडम", आणि मी विश्वास ठेवला.

टेबल बसवलं त्या दिवशी काका आले होते ड्रिलच्या आवाजाची तक्रार करायला. झोपमोड झाली म्हणाले, आणि झोपायला परत जायच्या ऐवजी स्टूल ओढून बसले ते संध्याकाळपर्यंत. भिंत निघाली सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या, भुसभुशीत सिमेंट ठोकळ्यांची, साधा प्लग ठोकला की हलणाऱ्या दातासारखा हातात, त्यामुळे मिस्त्रीने आरपार बोल्टच घातले. त्याचे चार नट आता पलीकडे स्वयंपाकघरात मसाल्याच्या रॅकशेजारी बाहेर आलेत आणि एकावर ह्यांनी चहाची गाळणी टांगलीय. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे काकांना मिस्त्रीने त्या दिवशीच सांगितलं. जन्मभर बँकेत काढलेला माणूस, पण त्यानंतर "इकडून दोन सूत खाली वाटतंय" असं दर पाच मिनिटांनी. दुसऱ्या चहाला म्हणाले, वहिनी, साखर दोन सूत कमी.

टेबल लागलं. मिस्त्रीने उघडून-मिटून दाखवलं. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवतेय तेवढ्यात काका म्हणाले,

"मिटल्यावर वरचं सामान कुठे जातं?"

"म्हणजे?"

"कात्री, कापडं, टाचण्या. टेबल गेलं भिंतीला. सामान कुठे गेलं?"

"ते आधी उचलायचं ना काका."

"आणि ठेवायचं कुठे?"

"समोरच्या रॅकवर."

"मग रॅकवरच काम का नाही करत?"

मिस्त्री हसला. म्हणजे पैसे मी देणार आणि हसायचं मलाच.

"हे मिडल बर्थसारखं आहे," काका सुरूच. "रात्री 10 ते सकाळी 6, त्यानंतर पाडायचा म्हणजे पाडायचा, नियम आहे." मग त्यांनी एक अख्खा प्रवास ऐकवला, ज्यात मिडल बर्थवाला साडेआठपर्यंत घोरत होता आणि काका खाली मान वाकडी करून उपमा खात होते. ती मान अजून दुखते म्हणे. उठून उभं राहून त्यांनी मानेचा कोन पण दाखवला, मिस्त्रीने ड्रिल बंद करून बघितला.

राग ह्याचा येतो की मुद्दा बरोबर होता. गोधडीचे थर एकदा टाचण्या लावून पसरले की आठ-दहा दिवस हलवता येत नाहीत. म्हणजे टेबल मिटतच नाही. टेबल तीन फूट, समोर रॅक दीड फूट, एकूण साडेचार. दहावीला गणितात 150 पैकी 112 होते मला. प्लायचं माप घेतलं, बिजागरीचं घेतलं, मशीनचं घेतलं, मधून जाणाऱ्या बाईचं राहिलं. मशीन पलीकडच्या टोकाला, दार अलीकडे. बेल वाजली की रांगायचं.

आणि एक सांगू का, हॉलमध्ये ह्यांची ट्रेडमिल आहे. "फोल्डिंगची आहे, जागा खात नाही" म्हणून आणली, दोन वर्षांत एकदाही फोल्ड झाली नाही, सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. तिला वळसा घालून सगळे निमूट जातात. तिच्यावरचे टॉवेल कुठे जाणार असं विचारायला कोणी स्टूल ओढून बसत नाही. माझं मात्र तीन-तीन आठवडे हाताने धावदोरा घालून केलेलं काम "टाइमपास", आणि ते भिंतीत मिटलं पाहिजे, पाहुणे यायच्या आत. असो. टाचणीची जागा अजून ठणकतेय म्हणून जास्त बोलले असेन.

तर काल काका कशाला आले होते? हातात टेप होती. त्यांना कम्प्युटरसाठी अस्संच टेबल करायचंय. "फक्त तुमची चूक नको करायला," म्हणाले, गोधडीवर खुशाल कोपर टेकून दोन्ही कडांची मापं घेतली, पाकिटावर लिहिली, आणि जाताना म्हणाले,

"वहिनी, हे डावीकडून दोन सूत खाली आहे बरं का."

ते गेल्यावर दार लावलं आणि टेप काढली. उजवीकडे बरोबर 36. डावीकडे तीन सूत कमी.