कमी शिक्षा वाढू शकते. प्रश्न आहे ती वाढवून मागायची कोणी

एखादा निकाल सौम्य वाटला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो : ‘खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा वरच्या कोर्टात कमी होते, वाढत कधीच नाही, अपिलाचा हक्क फक्त आरोपीला, पीडितांना दार बंद.’ यातले पहिले विधान साफ चुकीचे, दुसरे अर्धवट, आणि तिसऱ्यात, दुर्दैवाने, बरेच तथ्य आहे.

शिक्षा वाढत नाही म्हणणाऱ्यांनी वांद्र्याच्या कार्टर रोडचा खटला आठवावा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली आणि सात जण मृत्युमुखी पडले. सत्र न्यायालयाने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या कलम ३०४-अ खाली सहा महिन्यांची कैद आणि पाच लाखांचा दंड सुनावला. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, सरकारनेही अपील केले, आणि सप्टेंबर २००७ मध्ये तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. अर्थात तिथे कलमच बदलले होते : कमाल दोन वर्षांच्या ३०४-अ च्या जागी सदोष मनुष्यवधाचा ३०४ चा दुसरा भाग आला. कलम तेच राहून शिक्षा वाढल्याचे उदाहरण हवे असेल, तर नवज्योतसिंग सिद्धू यांचे आहे. १९८८ च्या पतियाळातील मारहाण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना केवळ एक हजार रुपये दंड केला होता. मृताच्या कुटुंबीयांच्या पुनर्विलोकन (निकालाचा फेरविचार करण्याच्या) अर्जावर मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी दिली.

अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा हक्क सरकारलाही आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७७ मध्ये तो होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ मध्ये आहे. उच्च न्यायालयात जायचे तर मुदत साठ दिवसांची. मात्र अशा अपिलात आरोपीही निर्दोष सुटकेची किंवा शिक्षा कमी करण्याची मागणी करू शकतो, हे या मजकुरांत कुठेच नसते.

उरला पीडितांचा प्रश्न. त्यांना २००९ च्या अखेरीपासून अपिलाचा हक्क मिळाला, पण तीनच कारणांसाठी : आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली. शिक्षा अपुरी असणे हे कारण त्यात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसे स्पष्टच सांगितले. उच्च न्यायालयात पुनरीक्षण (खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहण्याचा) अर्ज करता येतो, परंतु त्यात हस्तक्षेप करायचा की नाही हे न्यायालय ठरवते. त्यामुळे नातेवाइकांसाठी खरी धडपड सरकारी वकिलाच्या कार्यालयात, साठ दिवसांच्या आत अपिलाचा प्रस्ताव पुढे सरकवण्याची असते.

तो न सरकल्यास काय होते, तेही कार्टर रोडच्याच खटल्यात दिसते. आरोपीचे अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा फारच तोकडी असल्याचे नमूद केले. उच्च न्यायालयाच्या त्या शिक्षेत वाढीसाठी राज्य सरकारने अपीलच केलेले नाही, म्हणून वाढीचा विचार करत नाही, असेही त्याच निकालात लिहिले.