लसणीचा गड्डा युरियाने भरत नाही

"थंडी ओसरली की लसणीला दर आठवड्याला मूठभर युरिया द्या, पात जेवढी हिरवी तेवढा गड्डा मोठा. मुळाशी जाडं मीठ टाका, नारळाला चालतं ते लसणीलाही चालतं. चुलीतली राख घाला. कोकणात लसूण होत नाही ती केवळ खत कमी पडतं म्हणून." हा मजकूर सध्या दापोली-गुहागरकडे मोबाइलवर फिरतोय. त्यातली राखेची गोष्ट खरी आहे. बाकीचं ऐकून कुणाचा वाफा फुकट जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आधी युरिया, कारण नुकसान तिथेच सगळ्यात जास्त. पात आणि गड्डा यांचा संबंध आहेच, पण वेळेला बांधलेला. कांद्यात पानांचे बुंधेच फुगतात. लसणीत आतल्या पानांच्या बेचक्यात डोळे असतात आणि त्या डोळ्यांच्या पाकळ्या होतात. नोव्हेंबरात लावलेलं एक रोप डिसेंबरात उपटून बुंधा आडवा कापून बघा. नुसती पानांची वर्तुळं दिसतील, पाकळीचा मागमूस नाही. गड्डा धरू लागल्यावर दुसरं रोप कापा, मधल्या दांड्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे उंचवटे दिसतील. एकदा हे सुरू झालं की रोप नवी पानं काढणं थांबवतं आणि असलेल्या पानांनी केलेलं अन्न खाली पाठवतं. म्हणजे गड्ड्याचं भांडवल आधीच तयार झालेलं असावं लागतं. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. ते लावणीच्या वेळी आणि पुढच्या दीड महिन्यात विभागून दिलं तर पानं वाढतात. थंडी ओसरल्यावर दिलं तर गड्डा धरायला उशीर होतो, गड्ड्यावरची मान जाड राहते, पाकळ्यांना जमिनीतच कोंब फुटतात आणि अशी लसूण टिकतही नाही. मजकुरात सांगितलेली वेळ नेमकी चुकीची आहे.

आता "खत कमी पडतं म्हणून होत नाही" हे. गड्डा धरण्याचा इशारा खतातून मिळत नाही. आधी काही आठवडे थंडी आणि मग वाढता दिवस व ऊब, असा तो इशारा असतो. पाकळीला 10 अंशांखालची थंडी मानवते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण 18-19 अंशांवर असतो. डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा. तो 13 तासांवर जातो तेव्हा मे सरत आलेला असतो आणि पाऊस डोक्यावर. बाजारात मिळणारी डोंगराळ भागातली मोठ्या पाकळीची लसूण इथे लावली की नुसती पात येते ती यामुळेच. तिला अजून मोठा दिवस हवा असतो. आपल्याला मैदानी भागातल्या जाती घ्यायला हव्यात: राहुरी कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल. लावणीआधी बियाण्याचे गड्डे काही आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर थंडीची उणीव बरीच भरून निघते.

थंडी अपुरी पडली की कधी कधी पाकळ्या न पडता एकच गोल कुडी तयार होते. लोक तिला रोग समजून फेकून देतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. ती खाता येते, आणि पुढच्या हंगामात लावली तर तिचा पाकळ्यांचा गड्डा होऊ शकतो.

यावर कुणी म्हणेल, अलिबागेत पांढरा कांदा होतो, त्याला 2022 साली भौगोलिक मानांकनही मिळालं, मग लसूणच का अडते? कांदा गड्डा धरतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवर. त्याला त्यासाठी थंडी लागत नाही, उलट जास्त थंडीने त्याला फुलाचे दांडे येतात. दोन्ही एकाच कुळातली असली तरी एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

मिठाचं थोडक्यात: नारळाला क्लोराइड लागतं, म्हणून त्याला मीठ मानवतं. लसणीची मुळं उथळ असतात, माती खारट झाली की त्यांना पाणी ओढता येत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चात आधीच मचूळ होतात. त्यात आणखी मीठ कशाला?

राख मात्र घाला. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, पावसाने चुना आणि पालाश (पोटॅश) धुऊन गेलेली. राखेत दोन्ही असतात. फक्त लावणीआधी मातीत मिसळा आणि युरियाबरोबर एकत्र टाकू नका, नाहीतर नत्र अमोनिया होऊन हवेत जातं.

आणि जे त्या मजकुरात कुठेच नाही ते गंधक. लसणीचा वास आणि झणका ज्या ॲलिसिनमुळे येतो, ते गंधकाशिवाय बनत नाही. सिंगल सुपर फॉस्फेट या खतामध्ये 16 टक्के स्फुरदासोबत (फॉस्फेट) 11 टक्के गंधक येतं. जांभ्या मातीतलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं, म्हणून सुपर नुसतं फेकू नका. कुजलेल्या शेणखतात कालवून पाकळ्या टोचण्याआधी वाफ्यात मिसळा, म्हणजे गंधकासाठी वेगळी पिशवी आणावी लागणार नाही.