काच फुटली तरी तक्रार देऊ नका? त्या मेसेजला हे उत्तर

आपल्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार, कुठलाही ग्रुप उघडा, तो आहेच. मजकूर थोडक्यात असा, की गाडीची काच फोडून बॅग नेली, डिक्कीतून पैसे काढले, विहिरीवरची केबल कापून नेली तर पोलीस स्टेशनला जाऊच नका. पाच हजाराच्या आतल्या चोरीचा गुन्हा नवीन कायद्यात दाखल होतच नाही, ज्या हद्दीत चोरी झाली तिथंच जावं लागतं, तक्रार दिली की कोर्टाच्या चकरा आपल्यालाच, माल सापडला तरी वर्षानुवर्षं पोलीस स्टेशनात सडतो, इन्शुरन्सवाले तसंही काही देत नाहीत, पोलिसांना सगळे चोर आधीच माहीत असतात. आणि शेवटी, गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्यांवर नजर ठेवा, चोर सापडला तर तिथंच ठोका.

हे लिहिणाऱ्याचा राग खरा आहे, तो मी नाकारत नाही. कापूस विकून बँकेतून पैसे काढलेला माणूस चहाला थांबतो, तेवढ्यात डिक्की उघडी, आणि वर्षाची कमाई गेलेल्या त्या माणसाला ठाण्यात अर्धा दिवस बाकड्यावर बसवून ठेवतात, मग राग नाही येणार तर काय होणार. पण त्या रागातून जो सल्ला दिलाय तो चोराच्या फायद्याचा आहे आणि ज्या साहेबांना काम करायचं नाही त्यांच्याही फायद्याचा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा पाच हजाराचा, आणि यावरच जास्त बोलायला पाहिजे कारण यात थोडं खरं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात चोरीचं कलम ३०३. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यात एक सवलत आहे, की माल पाच हजारापेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. आणि प्रक्रियेच्या कायद्याच्या म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ही बाब अदखलपात्र दाखवलीय, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. बस, एवढ्यावरून ठाण्यात सरसकट 'एनसी', म्हणजे अदखलपात्र नोंद, करून पाठवतात. आता मला सांगा, चोर कोण हेच माहीत नाही, तर तो पहिल्यांदा चोरी करतोय का दहाव्यांदा हे तक्रार लिहितानाच कसं ठरलं? आणि माल परत केला कुणी? ज्या सवलतीचा हिशोब कोर्टात शेवटी व्हायचा तो ठाण्यात पहिल्याच मिनिटाला लावतात, माझा आक्षेप तिथं आहे.

बरं, सगळी चोरी ३०३ मध्येच बसते असंही नाही. घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी, एसटीतून, मालाच्या ट्रकमधून वस्तू काढणं हे कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा, तिथं पाच हजाराची अट नाही. हिसकावून नेलं तर ३०४, तिथंही नाही. आणि मेसेजवाल्याने जे बघितलंच नाही ते कलम ११२, टोळीने केलेल्या छोट्या चोऱ्यांसाठीच ते घातलंय, त्याच्या स्पष्टीकरणात वाहनातून केलेली चोरी, खिसेकापू, दुकानातली चोरी असं नाव घेऊन लिहिलंय, शिक्षा एक ते सात वर्षं. एक जण म्हणतो 'तुमच्या गाडीखाली ऑइल गळतंय', तुम्ही खाली वाकता आणि दुसरा पलीकडच्या दारातून बॅग काढतो, हे एकट्याचं काम आहे का? अर्जात 'दोन-तीन जणांनी मिळून' हे लिहा, दिसलं असेल तर नक्की लिहा, त्याने कलम बदलतं.

माझ्या दाजींचं सांगतो. लग्नसराईत महामार्गालगतच्या एका मंगल कार्यालयाबाहेर त्यांची गाडी उभी होती, मागच्या दाराजवळची छोटी तिकोनी काच फोडून लॅपटॉपची बॅग आणि आहेराच्या साड्यांची पिशवी नेली, सीटवर सगळा काचेचा चुरा. ठाण्यात गेले तर अंमलदार विचारतात लॅपटॉप किती जुना, दाजी म्हणाले चार-पाच वर्षं, मग म्हणे आता काय राहिली त्याची किंमत, चार हजार लिहू ना. वरून म्हणे, "भाऊ, चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, लगेच शिक्का मारून देतो." दाजी म्हणाले, "साहेब, काच आपोआप फुटली का?" ते अडून बसले, बिल मोबाईलमध्ये होतं ते दाखवलं, साड्यांची किंमत धरली, अर्ज लेखी दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. गुन्हा तिथं नाहीच नोंदवला, तो एसपी ऑफिसला स्पीड पोस्ट गेल्यावर नोंदवला. लॅपटॉप अजून मिळालेला नाही. पण गुन्हा नंबर आहे, आणि तो नंबर कशासाठी लागतो ते पुढं सांगतो.

गहाळच्या दाखल्याने सिमकार्ड दुसरं मिळतं, लायसन्सची दुसरी प्रत मिळते, पण चोराला कुणी शोधत नाही कारण कागदावर चोरी झालेलीच नसते. हे मुद्दाम होतं का? बऱ्याचदा होतं. दर महिन्याला एसपींकडे क्राइम मीटिंग असते, तिथं किती गुन्हे दाखल आणि किती उघडकीस हे विचारतात, दाखल जास्त आणि उघड कमी दिसलं की पीआय साहेबांना बोलणी. मग सोपा उपाय काय, दाखलच करायचं नाही. राष्ट्रीय आकडेवारीतसुद्धा दाखल झालेलेच गुन्हे मोजतात. म्हणजे आपण त्या मेसेजचं ऐकून घरी बसलो की तालुक्यात चोऱ्या कमी झाल्या असंच दिसणार, आणि मग रात्रीच्या गस्तीला गाडी वाढवा, माणसं वाढवा म्हणून मागणार कशाच्या जोरावर?

केबलचोरीचं तर विचारूच नका. तापीकाठी रावेर, यावल, चोपडा, तिकडं शिरपूर, शहादा, एका रात्रीत शिवारातल्या कितीतरी विहिरींवरच्या केबली कापतात, नाल्यात नेऊन जाळतात आणि तांबं विकतात. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं धरलं तर तीन-चार हजार, म्हणून प्रत्येकाला वेगवेगळी एनसी, आणि केळीला पाणी नाही मिळालं त्याचं नुकसान तर कुणी धरतच नाही. इथं एकेकट्याने जाऊ नका. सगळ्यांनी मिळून एकच अर्ज द्या, गट नंबर लिहा, एकाच रात्री एकाच पद्धतीने झालं हे लिहा, जळालेल्या वायरीच्या राखेचे फोटो जोडा. पंपाच्या खोलीचं कुलूप तोडलं असेल तर ते सगळ्यात वर लिहा, कारण माल ठेवायची खोली रात्री फोडून चोरी म्हणजे कलम ३३१, शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. आणि एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येच आहे. एनसी झालीच तरी गोष्ट संपत नाही, मॅजिस्ट्रेटने आदेश दिला की पोलिसांना तपास करावाच लागतो.

'हद्द आमची नाही' हा मुद्दा तर सरळ खोटा आहे. कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, एफआयआर घ्यायची, नंतर ती योग्य ठाण्याला पाठवायची, झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. सुरतहून येताना नवापूरजवळ बॅग गेली आणि तुम्हाला धुळ्यात आल्यावर कळलं तर धुळ्यात द्या. रेल्वेत गेली आणि भुसावळला उतरलात तर तिथल्या लोहमार्ग पोलिसांकडे द्या. ईमेलनेही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसेसुद्धा देऊ नका.

नाहीच घेतली तर? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. नवीन कायद्यात तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशीची मुभा दिली, पण त्याला डीवायएसपींची परवानगी लागते आणि ती चौदा दिवसांत संपवायची, म्हणून 'चौकशी चालू आहे' हे दोन महिने ऐकून घ्यायचं कारण नाही. ठाण्याने नकार दिला तर एसपींना लेखी पोस्टाने, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हा रस्ता थकवणारा आहे, मजुरी बुडवून कुणी इतकं करावं हे मलाही पटत नाही, ते साहेबांनी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे. पण रस्ता नाही असं म्हणणं चूक आहे.

कोर्टाच्या चकरा आणि सडणारा माल. ठाण्याच्या आवारात गंजलेल्या मोटरसायकली सगळ्यांनी बघितल्यात, त्यामुळे हे लोकांना लगेच पटतं. पण सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जप्त वस्तू ठाण्यात फार तर पंधरा दिवस ते महिनाभर ठेवा, फोटो आणि पंचनामा करून, बाँड घेऊन मालकाला द्या. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये फोटो, व्हिडिओ काढून माल सोडायची मुदत घातलीय. आवारातल्या त्या गाड्यांपैकी किती अशा आहेत की ज्यांच्यासाठी मालकाने अर्जच केला नाही! आणि गुन्हा नंबर लागतो तो इथं. एलसीबीने, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेने, एखादी टोळी पकडली की तिच्याकडे आधीच्या कितीतरी चोऱ्यांचा माल निघतो, मोबाईल, लॅपटॉप, गाड्या, मग आपण पेपरात फोटो बघतो की एसपींच्या हस्ते मुद्देमाल परत दिला. तो ज्यांचा गुन्हा दाखल होता त्यांना दिला. ज्याने तक्रारच दिली नाही त्याची वस्तू समोर टेबलावर पडलेली असली तरी ती त्याची म्हणून कुणी कशी ओळखावी? तपास कुठं आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवायचं हेसुद्धा आता कायद्यात आहे, नाही कळवलं तर मागा.

इन्शुरन्सचं एका दमात सांगतो. गाडीच्या आतल्या तुमच्या वस्तू साध्या पॉलिसीत येत नाहीत, हे मेसेजमधलं बरोबर आहे. पण फुटलेली काच फुल पॉलिसीत येते, आणि अख्खी गाडीच गेली तर एफआयआर आणि नंतर पोलिसांचा 'अ' समरीचा कागद, म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही, याशिवाय क्लेम पुढं सरकत नाही. मोबाईल गेला तर सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर टाकून ब्लॉक करता येतो, तिथंही पोलिसांच्या तक्रारीची प्रत लागते. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तोच कागद लागतो जो घेऊ नका म्हणून हा मेसेज सांगतोय.

पोलिसांना सगळे चोर माहीत असतात, यावर मी वाद घालत नाही, कुणाकडे पुरावा असेल तर त्याने लाचलुचपतवाल्यांकडे जावं. पण माहीत असलेल्या चोराला पकडायलाही तक्रार लागतेच. आणि सीसीटीव्हीचं फुटेज लवकर मागा, दुकानांचे डीव्हीआर जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन घेतात, साहेब पंधरा दिवसांनी येतील तेव्हा काही उरलेलं नसतं. दुकानदाराला त्याच दिवशी हात जोडून सांगा की भाऊ, एवढा तास सेव्ह करून ठेव.

आता शेवटचा मुद्दा, पालवाल्यांवर नजर आणि तिथंच ठोका. हे खान्देशात बसून लिहायची हिंमत कशी होते? २०१८ च्या १ जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते विसरलात का. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज तेव्हाही असेच फिरत होते, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. बहुतेक मंगळवेढ्याकडची माणसं होती ती, कुणाच्या पोराला हात लावलेला नव्हता. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, आणि आपण मोबाईलवर तोच परत आणतोय. तुमची काच फोडणारा कारमधून येऊन कारमधून गेलेला असतो, आणि मार खातो तो सायकलवर गोधड्या विकणारा.

खरोखर चोरी करताना कुणी समोर सापडला, तर दखलपात्र आणि बिनजामिनी गुन्हा डोळ्यादेखत करणाऱ्याला धरून ठेवायचा अधिकार साध्या माणसालाही आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, पण जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. हात उचलायचा नाही, चार शहाणी माणसं भोवती उभी करा, पोरांना मागं सारा, पोलिसांच्या ११२ नंबरला फोन करा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. पोलिसांची गाडी किती वाजता आली तेही लिहा. उशीर झाला असेल तर एसपींच्या अर्जात या दोन्ही वेळा टाका आणि त्याचीही पोच घ्या.