जातं घ्या, पण दळायला काकूंना बसवा

पूर्वजांच्या वाटेनं परत जायचं मनात आलं असेल, तर सगळ्यात आधी पुण्यात फ्लॅट घ्या. लिफ्ट हवी, पाइपचा गॅस हवा, पाणी चोवीस तास हवं. परंपरेची ओढ लागायला परंपरेपासून निदान दीडशे किलोमीटर लांब राहावं लागतं. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहतो, त्यामुळे मला ती ओढ अजून लागली नाही. नुसतं कंबरेत लागलंय.

आमचे एक चुलतबंधू मात्र या बाबतीत फार पुढं गेलेत. यंदा यात्रेला ते सहकुटुंब आले, दोन दिवस राहिले आणि जाताना आम्हाला जगायचं कसं ते शिकवून गेले. असले सल्ले देणाऱ्यांचं सध्या पेवच फुटलंय, म्हणून म्हटलं, त्यांचं ज्ञान आपल्यापर्यंतही पोचावं. लिहून घ्या.

शेतीची सुरुवात मोटेपासून करा. विहिरीवरचा पंप काढून भंगारात घाला. वीज तशीही रात्रीचीच असते, त्यामुळे फार काही बिघडणार नाही. चामड्याची सोंडेची मोट आणा, नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर आणा, खिल्लार जोडी आणा. बैल धावेच्या उतारावरून खाली जातात, मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडतं, बैल मागं मागं चालत पुन्हा वर येतात. की पुन्हा खाली. असं दिवस मावळेपर्यंत केलं की पाव-अर्धा एकर भिजतो. उरलेलं रान पूर्वज कसं भिजवत असत? भिजवतच नसत. आमच्याकडं बोअरचं पाणी आता चारशे फुटांवर गेलंय, तेव्हा तेवढा लांब नाडा कोण वळून देतं का, तेही बघून ठेवा. आणि बैल म्हातारा झाला की काय करायचं, हे विचारू नका. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, विकत कुणी घेत नाही. तो वैरण खात उभा राहील, तुम्ही त्याच्या शिंगाला हात लावून फोटो काढा.

बंधूंचे वडील, म्हणजे आमचे काका, 1974 साली पुण्याच्या कंपनीत लागले, ते मोट हाकून हाकून कंटाळा आला म्हणून. हे मी बंधूंना सांगितलं नाही. पाहुण्यांना काय काय सांगायचं?

खत-औषधं बंद करा आणि शून्य खर्चाची शेती करा. जीवामृताची कृती पाठच करून टाका: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गूळ आणि बेसन शून्य रुपये किलोनं देणारा दुकानदार सापडला तर मलाही कळवा. (शेवग्याला मी जीवामृत घालतो, बरं असतं. भांडण जीवामृताशी नाही. सोसायटीत तीन कुंड्या असलेल्या माणसानं मला एकरी हिशेब शिकवावा, त्याच्याशी आहे.)

पितळेच्या पातेल्यात आमटी करा, चिंच सढळ हातानं घाला, आणि कल्हई म्हणजे काय ते कुणाला विचारू नका.

चुलीवरचं जेवा. चुलीपुढं बसू नका.

धान्य पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, साठवा. वर्षानं पेव उघडलं की तोंड तसंच ठेवून वारं लागू देतात, मग दिवा खाली सोडून बघतात, आणि दिवा विझला तर माणूस आत उतरवत नाहीत, कोंडलेल्या हवेत जीव जातो. सकाळच्या सुविचारांत हे येत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

आता जातं. यासाठी जरा सावरून बसा.

आमचं जातं पडवीच्या कोपऱ्यात होतं. वरच्या तळीवर आई कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं ठेवायची. बंधूंनी ते बघितलं आणि देवळात चप्पल घातलेला माणूस बघावा तशी मुद्रा केली. भांडं खाली ठेवलं, जातं ओल्या फडक्यानं पुसलं. मग आईला म्हणाले, “काकू, तुम्ही गिरणीचं पीठ खाता? गिरणीत पीठ तापतं, त्यातली सगळी जीवनसत्त्वं जळून जातात.”

आई म्हणाली, “बाबा, तवापण तापतोच की.”

पण बंधू थांबले नाहीत. वहिनींनी मोबाइल काढला. मुलांना समोर बसवलं, घरातली पितळी समई मागं मांडली. “काकू, फक्त पाच मिनिटं. आणि ओवी म्हणा ना, मुलांना कळू दे आपली मुळं काय आहेत.” आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिचा उजवा खांदा धरलेला आहे, पाय मुडपून खाली बसता येत नाही. पण पाहुण्याला नाही म्हणायचं तिला ठाऊक नाही. बसली. एक पाय लांब सोडला, खुंटा धरला, मूठ मूठ दाण्यांची वैरण घातली. पाच मिनिटांची पंचवीस झाली, कारण मध्येच ट्रॅक्टर गेला, मग कोंबडी आली, मग प्रकाश नीट नव्हता.

ओवीही म्हटली. ती काय म्हणाली ते तिथं फक्त मला आणि माझ्या बायकोला कळलं. ती ओवी आजीवर होती. म्हणजे माझ्या आणि बंधूंच्या सख्ख्या आजीवर. सून पहाटेपासून हाडं भरडतेय आणि सासू माजघरात घोरतेय, अशा अर्थाची. बंधूंनी खाली बासरी लावली, वर लिहिलं, “आमच्या घराण्याचे संस्कार”. नातेवाइकांच्या ग्रुपवर सत्तर जणांनी हात जोडले.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत. एकदा वाचा. भावाची माया आहे, विठ्ठल आहे, आणि सासुरवास तर पानोपानी आहे. भिंतींनाही ऐकू जाऊ नये असं जे होतं, ते बायका जात्याच्या घरघरीत बोलत होत्या. तुम्ही त्याला पार्श्वसंगीत म्हणून वापरता!

आई लग्न होऊन आली ती 1967 साली, सोळा वर्षांची. चौदा माणसांचं घर. रोजचं सात-आठ किलो दळण, ज्वारी किंवा बाजरी. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, दळायचं, मग पाणी, मग शेण, मग भाकऱ्या, मग शेत. पोटुशी असतानाही तेच. आठव्या महिन्यात जात्यापुढं बसताना पोट कुठं ठेवायचं, हे आरोग्यदायी परंपरेच्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मला दाखवा. गावात गिरणी आली 1979 साली, डिझेल इंजिनावरची. तिची पुकपुक पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी आई आणि शेजारच्या तिघी डोक्यावर पाट्या घेऊन नंबराला उभ्या राहिल्या, आणि गरम पिठात हात घालून आईला रडू आलं. हे ती अजून सांगते. त्या पुकपुकीवर रील कोण करणार?

बंधूंच्या त्या रीलनंतर दोन दिवस आईचा हात वर जात नव्हता. मी मलम चोळत होतो आणि तिकडं ग्रुपवर बंधू लिहीत होते, “पूर्वीच्या बायकांना जिमची गरज नव्हती.”

जिमची गरज नव्हती! पूर्वीच्या बायकांना झोपेची गरज होती हो.

बरं, जाताना बंधू जातंही मागून घेऊन गेले. आई म्हणाली, “ने. एकदाची ब्याद गेली.” दोघांनी मिळून ते गाडीत चढवलं, तेवढ्यानं बंधूंना घाम फुटला. आठ दिवसांनी फोन आला. “काकू, पिठात कचकच लागते.”

“टाकी लावून घेतलीस का? लावली असशील तर पहिलं पीठ टाकून द्यायचं असतं.”

“टाकी सोसायटीची आहे ना काकू, ती धुतात महिन्याला.”

आईनं फोन माझ्याकडं दिला. टाकी लावणं म्हणजे छिन्नीनं जात्याच्या तळीला टाके घालणं, आणि ते करणारा माणूस आमच्या गावातही वीस वर्षांत फिरकला नाही, हे मी बंधूंना समजावत बसलो. सध्या ते जातं त्यांच्या बाल्कनीत आहे. वर मनीप्लांट आहे.

पुढचा नियम कितवा ते विसरलो. “पूर्वी लोक शुद्ध अन्न खायचे” हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणा. 1972 च्या दुष्काळात आई सडकेच्या कामावर खडी फोडत होती. खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. शुद्ध की अशुद्ध, हे विचारायला पोटात आधी काहीतरी असावं लागतं.

आणि ते “गाव स्वयंपूर्ण होतं”. बंधूंचं हे सगळ्यात लाडकं वाक्य, चहा पिताना तीन वेळा आलं. होतं ना. नाडा मांगवाड्यात वळला जायचा. मेलेलं जनावर महारवाड्यानं ओढायचं. कातडं कमवायचं कुणी, मोट शिवायची कुणी, सगळं ठरलेलं होतं, जन्माच्या आधीच ठरलेलं होतं. आणि वर्षाकाठी खळ्यावर येऊन त्यांनीच हात पसरायचा. त्या वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकामाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडलं, आणि कायद्यानं ते मोडायला 1958 उजाडलं. तुम्हाला तुमचं स्वयंपूर्ण गाव परत हवंय, तर त्यात तुम्ही कोण असणार आहात? नाडा वळणार? ढोर ओढणार? की आमच्या आजोबांसारखे ओट्यावर बसून तंबाखू मळणार? मला उत्तर माहीत आहे.

जुनं सगळं टाकाऊ, असं मी म्हणत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बी जमवलं, जपलं, लोकांना वाटलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आधी स्वतः पेरलं. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला जात्यापुढं बसवून त्यांनी परंपरा वाचवली नाही.

तुम्हाला लाज कशी वाटत नाही? तुमचे वडील ज्यातून पळाले, माझी आई ज्यात पिचली, ते तुम्हाला दोन दिवसांच्या सुट्टीत, दुसऱ्याच्या हातानं, जिवंत करायचंय. दळा ना. तुम्ही दळा. बायकोला नाही, तुम्ही स्वतः. पहाटे चारला उठून चौदा माणसांचं दळा, वर्षभर, आणि मग मला पीठ तापण्याबद्दल सांगायला या.

पुढच्या यात्रेला याल तेव्हा एक दिवस आधी या. तेव्हा कांदा काढायला आलेला असतो, माणूस मिळत नाही. सकाळी सहाला रानात यायचं. खुरपं देतो, तेही पूर्वजांपासून चालत आलंय. आणि आईचं मलम संपलंय, येताना दोन ट्यूब आणा.