मुखपृष्ठ : अंतर्जालावरून साभार

परवा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या पुस्तक प्रदर्शनातून एक नवी मराठी विज्ञानकादंबरी आणली. नाव घेत नाही, लेखकाचा काही दोष नाही. गोष्ट घडते समुद्राच्या तळाशी. मुखपृष्ठावर मात्र जांभळं आकाश, दोन चंद्र आणि पाठमोरा अंतराळवीर. हातमोज्याची बोटं मोजली, सहा भरली. आत चित्रकाराच्या नावाच्या जागी छापलंय, 'अंतर्जालावरून साभार'.

सहावं बोट एक वेळ चालेल हो. निदान एखादा मासा तरी काढायचा!

प्रेमकथेवर बाई काढली तर ती वाचकाने कुठेतरी पाहिलेली असते. विज्ञानकथेच्या चित्रकाराला कुणीच न पाहिलेलं काढायचं असतं, आणि वर ते खरं वाटायला हवं. 'अमेझिंग स्टोरीज' या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाच्या ऑगस्ट १९२७च्या अंकावर चित्रकार फ्रँक पॉलने एच. जी. वेल्सच्या कादंबरीतली, मंगळावरून आलेली तीनपायी यंत्रं काढली. हा माणूस मुळात वास्तुरचना शिकलेला. त्याची माणसं कायम बाहुल्यांसारखी, पण यंत्रं अशी की कुणीतरी आधी नकाशा पास करून घेतला असावा.

ब्रिटिश मुखपृष्ठ-चित्रकार ख्रिस फॉस मला भेटला तो रविवार कारंजाजवळच्या रद्दीत. विज्ञानकथाकार असिमॉव्हचं, पँथर प्रकाशनाने काढलेलं पेपरबॅक, किलोवर घेतलेलं. एअरब्रशने रंगवलेलं अवाढव्य यान, पिवळे-काळे पट्टे, जागोजागी घासलेला रंग. वडील ओझरला एचएएल या विमान कारखान्यात होते, आयुष्य मिग लढाऊ विमानांच्या हँगरमध्ये गेलेलं. इंग्रजी कादंबऱ्यांशी त्यांचा संबंध शून्य. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बनवणाऱ्याने सर्व्हिसिंगचा विचार केलाय. झाकणं बघ कुठे कुठे दिलीत." आजवर ऐकलेली सगळ्यात चांगली कलासमीक्षा ती.

'चित्रकाराने पुस्तक वाचलंच पाहिजे' असं मी तावातावाने सांगायचो. मग कळलं की फॉस बहुतेकदा पुस्तक वाचायचाच नाही! झाली पंचाईत. पण त्याने यंत्रं तरी डोळे भरून पाहिली होती. 'साभार'वाल्याने पुस्तकही पाहिलं नाही आणि समुद्रही नाही.

आपल्याकडे हात नव्हते असं कोण म्हणेल? दलाल, मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांसाठी लोक दिवाळी अंक घ्यायचे. डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला ९४वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते संमेलनाच्या जागी, आडगावला, येऊ शकले नाहीत. पहिल्यांदाच एक विज्ञानकथाकार अध्यक्ष, म्हणून मी हौसेने स्टॉल पालथे घातले. विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर त्याच त्या आकाशगंगा, तेच कवटीतले गिअर. प्रकाशक म्हणतात खप नाही, चित्रकाराला पैसे कुठून द्यायचे. खरं असेल. पण मग कोऱ्या रंगावर नुसतं नाव छापा, वाईट दिसत नाही.

जुनी चित्रं तरी कुठे उरलीत? वाचनालयात पुस्तक फाटलं की बाइंडिंगला जातं. मुखपृष्ठ टराटरा निघतं, वर खाकी पुठ्ठा आणि कण्याला कापडी पट्टी. लहानपणी मी कितीतरी परग्रह त्या खाकी पुठ्ठ्यातच वाचले.

तुमच्या माळ्यावर जुन्या मराठी विज्ञानकथा असतील तर मुखपृष्ठाचा फोटो कमेंटमध्ये टाका, आतल्या पानावरच्या चित्रकाराच्या नावासकट. माझ्याकडे एक आहे. हिरवट आकाश, खाली गुडघाभर पाण्यात उभं शहर, पोस्टर कलरमध्ये. नावाचं पान गहाळ, आणि कोपऱ्यातली सही बाइंडरने कडा समान करताना निम्मी कापलीय. 'कर' एवढंच उरलंय.