गाडीचा एसी गरम हवा मारतोय? गॅस भरा आणि गप्प बसा

लग्नसराई आली, पारा त्रेचाळीसला टेकला आणि नेमका तुमच्या गाडीचा एसी गरम वाफा सोडायला लागला असेल, तर घाबरू नका. या विषयात मराठवाड्यात आता एवढं ज्ञान साठलंय की वाया जाऊ नये म्हणून काही सूचना लिहून ठेवतो. जालना रोडपासून नांदेडपर्यंत कुठल्याही गॅरेजात त्या चालतील.

निदान घरूनच करून जा. गाडी शटरसमोर लावायच्या आधीच काच खाली करून ओरडा, "एसीत गॅस भरायचाय, किती घेता?" मिस्तरीला विचार करायची तसदी कशाला? तो बिचारा आधीच उन्हानं हैराण.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपतो, यावर श्रद्धा ठेवा. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पातळ होतो, एक्सपान्शन वॉल्व्हमधून सुटला की डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळून आतली उष्णता ओढतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो, सगळं बंद नळ्यांत, तोच गॅस फिरून फिरून, असलं काही कुणी सांगायला लागला तर कानावर हात ठेवा. आपल्याकडे गॅस 'उडतो'. दर चैत्रात उडतो.

गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकताना दिसलं की तातडीने गॅरेज गाठा. हवेतला ओलावा थंड कॉइलवर जमून नळीवाटे बाहेर पडतोय, म्हणजे एसी उत्तम चाललाय, हे तिथं तुम्हाला कुणीही सांगणार नाही. पाणी बाहेर न पडता पुढच्या सीटखालचा गालिचा भिजायला लागला तर मात्र निवांत राहा, नळी तुंबली असेल, तुंबू द्या.

एसीचा फिल्टर कुठं असतो ते शोधू नका.

गाडी पळताना थंड हवा आणि सिग्नलला थांबली की गरम, असं होत असेल तर उत्तर एकच, गॅस. कंडेन्सरचा फॅन फिरतोय का, त्याचा फ्यूज किंवा रिले गेलाय का, जाळीत धूळ, किडे आणि जिनिंगच्या ट्रकवरून उडालेला कापूस बसलाय का, हे बघायला बॉनेट उघडावं लागतं, हात काळे होतात. आणि जाळी धुवायचीच ठरली, तर सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं अगदी जवळून धुवा, म्हणजे तिच्या पातळ पत्र्या झोपतील आणि उरलीसुरली हवाही बंद होईल.

आता मुख्य विधी, गॅस भरणे. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण याच विधीला मी नुकताच यजमान होतो. आधी गाडी बंद असताना गेज लावू द्या. काटा हलला की मिस्तरी म्हणेल, "प्रेशर बरंय, थोडाच कमी हाय." मान डोलवा. नळ्यांत पातळ गॅसचा थेंब शिल्लक असेपर्यंत बंद गाडीतलं प्रेशर तापमानावर ठरतं, तीस अंशाला १३४ए, म्हणजे गाडीच्या एसीतला नेहमीचा गॅस, काट्यावर साधारण सत्त्याण्णव पीएसआय एवढा दाब दाखवतो, मग आत चारशे ग्रॅम असो की दीडशे, हे मनात आलंच तर गिळून टाका. गॅस वजनावर भरायचा असतो आणि किती ग्रॅम भरायचा हे बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. त्या स्टिकरवर ग्रीसचा अंगठा उमटवून तो झाकून टाकणं हा विधीचाच भाग आहे. काटा बघायचा, पाइपाला हात लावायचा, "आलं बगा गार," म्हणायचं. जास्त भरला तर? भरू द्या. जास्त गॅसनं दाब वाढतो, कूलिंग उलट पडतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो, पण पैसे तर डब्याचे दिलेत ना, मग अर्धा डबा परत कसा नेणार?

व्हॅक्यूम मागू नका. व्हॅक्यूमचा पंप नेहमी "कालच बिघडलेला" असतो. अर्धा-पाऊण तास पंप चालवायचा, आतली हवा आणि ओलावा काढायचा, मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का बघायचं, यात एका गाडीचा वेळ जातो आणि बाहेर रांग लागलेली असते. ओलावा आत राहिला तर एक्सपान्शन वॉल्व्हच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि वाट अडते. तेव्हा पुन्हा या. गॅस भरून देऊ.

असा विधी होऊन आठवडाही उलटला नव्हता आणि आम्ही जालन्याहून मंठा-जिंतूर रस्त्यानं परभणीला लग्नाला निघालो. मंठा येईपर्यंत हवा कोमट, जिंतूरच्या पुढं तर ब्लोअर हेअर ड्रायरची नोकरी करायला लागला. मागं आत्या ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली, तिचा एकच प्रश्न, "अरे, तू तर सांगत होतास, एसी नवा केला म्हणून?" परत आल्यावर गॅरेजात गेलो. मिस्तरीनं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "सायेब, गॅस उडाला. गाडी जुनी झाली आता. गरमीबी लई हाय ना यंदा."

गरमी लई हाय! मराठवाड्यात राहून उन्हाळा गरम असतो ही बातमी मला नव्यानं कळली. म्हणजे हा गॅस उन्हाळ्याला भिऊन पळून जातो. अरे, तो कुठं जातोय हे शोधायचं की नाही? गळक्या हौदात टँकर रिकामा करून वरून म्हणायचं, पाणी उडालं!

गॅसबरोबर नळ्यांतून तेल फिरतं, जिथून गॅस गळतो तिथून तेलही पाझरतं आणि त्यावर आपल्या रस्त्यांची धूळ चिकटून काळा, ओलसर डाग पडतो. तो डाग माझ्या गाडीत कंडेन्सरला पाइप जोडतात त्या जोडावर होता, बॉनेट उघडल्यावर समोर, रुपयाएवढा. दुसऱ्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी काही न बोलता वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशनं जोडाला लावला. बारीक बुडबुडे यायला लागले, एकामागं एक, थांबेनातच. आतली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरलेली. एवढीशी रिंग! चहा-भज्याच्या पैशांत येते. ती बदलली, व्हॅक्यूम धरला, वजनावर गॅस भरला, आणि एसी चालू.

आता मला सूचना-बिचना काही लिहायच्या नाहीत.

गॅस गळत राहिला की तेल जातं, तेल गेलं की कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो, त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत पसरतो आणि काही रुपयांच्या रिंगचं काम हजारोंवर जातं. गॅस फार कमी झाला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच लागूच देत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर फिरतच नाही, आणि तेवढ्यावर हे लोक "कॉम्प्रेसर गेला सायेब" म्हणून नवा गळ्यात मारतात. जुना गॅस तर नोझल दाबून फुस्सकन हवेत सोडतात. १३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट जबर आहे. म्हणजे गरमीबी लई हाय, त्यातही यांचा हातभार हायच.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच. फोनवर "गॅस भरायचे किती?" विचारून जो दोनशे रुपये कमी सांगेल त्याच्याकडे धावता, लीक तपासायला तासभर लागेल म्हणणाऱ्याला "वेळ नाही" सांगता, आणि पुढच्या वर्षी तेच रडगाणं. दरवर्षी गॅस मागणारं गिऱ्हाईक असल्यावर रिंग बदलून स्वतःचा धंदा कोण बुडवेल?

मिस्तरी, तुलाही सांगतो. बॉनेट उघडत जा. साबण महाग नाही. पंप बिघडला असेल तर दुरुस्त करून घे, ते जमत नसेल तर शटरवरची 'कार एसी स्पेशालिस्ट' ही पाटी उतरव आणि 'येथे गॅस विकत मिळेल' असं लिही. आणि बिल मागितलं की "पक्कं पाहिजे तर जीएसटी लागंल" म्हणून माझ्याकडे डोळे वटारून बघू नकोस. लागू दे. पक्कं बिल दे आणि त्यावर किती ग्रॅम भरला तेही लिही.